कच्छचे खडक : वळलेले थर, तुटलेली जमीन आणि मोजपट्टी ठरलेले जीवाश्म

भूज शहराच्या दक्षिणेस कतरोल टेकड्यांची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. शहराकडून या टेकड्यांकडे निघाले की पायांखाली असतो तो तांबूस-पिवळसर वालुकाश्म. त्याच्या काही थरांत प्राचीन वनस्पतींच्या पानांचे ठसे सापडतात. हा गाळ नद्यांनी वाहून आणला आणि समुद्रालगतच्या त्रिभुज प्रदेशात टाकला, असे त्यावरून समजते. टेकड्यांच्या पायथ्याशी पोचताच चित्र पालटते. जवळजवळ आडवे असलेले थर अचानक तिरपे होतात, काही ठिकाणी उभे राहतात. मध्येच चिरडलेल्या खडकाचा चुरा दिसतो. चढ सुरू झाला की शेल आणि वालुकाश्म यांचे आलटून-पालटून आलेले थर लागतात, आणि त्यांत अवशेष आढळतात ते ॲमोनाइट व बेलेम्नाइट या समुद्री प्राण्यांचे.

पायथ्याचा वालुकाश्म क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धातला, तर टेकडीवरचे शेल त्याहून जुने, ज्युरासिक काळाच्या अखेरचे. गाळ साठताना जुना थर खाली आणि नवा वर, हा साधा नियम. येथे मात्र जुना खडक उंचावर बसला आहे आणि नवा त्याच्या पायाशी. जमीन या रेषेवर तुटली आणि दक्षिणेकडचा भाग वर उचलला गेला, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ लागत नाही. भूविज्ञानात ही रेषा ‘कतरोल टेकडी प्रस्तरभंग’ म्हणून ओळखली जाते आणि ती भूजपासून हाकेच्या अंतरावर आहे.

हा निष्कर्ष काढताना खडकाच्या रंगावर किंवा पोतावर भिस्त ठेवता येत नाही. वाळूचा थर ज्युरासिक काळात साठला काय किंवा क्रिटेशस काळात, तो बहुधा सारखाच दिसतो. कच्छमध्ये तर शेल आणि वालुकाश्म यांची इतकी पुनरावृत्ती आहे की केवळ दगड पाहून ‘हा तोच थर’ असे म्हणणे धोक्याचे ठरते. थराचे वय सांगतो तो त्यातला जीवाश्म. थर किती वाकला, कोठे तुटला आणि तुटल्यावर किती सरकला, हे सारे हिशेब त्यानंतरचे. भूकंपाच्या छायेत असलेल्या प्रदेशात या हिशेबाला निव्वळ शास्त्रीय कुतूहलाहून अधिक मोल आहे.

समुद्र आला आणि गेला

भारत, आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका हे सारे गोंडवन या एका महाखंडाचे भाग होते. तो महाखंड फुटू लागला तेव्हा त्याच्या कडेला ताण पडून जमीन खचली आणि पूर्व-पश्चिम दिशेने एक मोठी खचदरी तयार झाली. हेच कच्छचे खोरे. ज्युरासिक काळात समुद्र त्यात शिरला. पुढील कित्येक कोटी वर्षे चुनखडी, चिखल आणि वाळू यांचे थर एकावर एक साठत गेले, आणि त्यांची जाडी दोन ते तीन किलोमीटरपर्यंत पोचली. क्रिटेशस काळात समुद्र मागे हटला व नद्यांची वाळू पसरली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याने या प्रदेशालाही गाठले. सह्याद्रीचे कडे ज्या बेसॉल्टचे आहेत तोच बेसॉल्ट कच्छच्या दक्षिण भागात दिसतो. धीणोधरचा डोंगर हा त्याच ज्वालामुखी घडामोडींचा अवशेष मानला जातो.

महाराष्ट्राच्या बहुतांश भागात या लाव्ह्याने खालचे सारे झाकून टाकले, त्यामुळे मराठी वाचकाला खडक म्हटले की काळा पत्थर आठवतो. कच्छमध्ये ते झाकण पातळ होते आणि पुष्कळ ठिकाणी धुऊन गेले. शिवाय पाऊस अत्यल्प, झाडोरा विरळ. त्यामुळे थर उघडे राहिले. देशात ज्युरासिक सागरी जीवाश्मांसाठी कच्छइतके मोकळे आणि विस्तृत क्षेत्र क्वचितच सापडेल.

पुढे भारताचे भूपट्ट आशियाला जाऊन भिडले आणि ताणाची जागा दाबाने घेतली. ज्या भेगांवरून जमीन एकेकाळी खाली घसरली होती, त्याच भेगांवरून ती आता वर ढकलली जाऊ लागली. जुना दरवाजा उलट दिशेने उघडावा तसे हे झाले. प्रस्तरभंगाच्या काठावरचे थर या दाबात वाकले व त्यांच्या वळ्या पडल्या. शालेय भूगोलात वर उचललेल्या वळीला अपनती आणि खाली गेलेल्या वळीला अभिनती म्हणतात. कच्छमधील अपनती लांबट घाटीसारख्या नाहीत, त्या पालथ्या घातलेल्या परातीसारख्या आहेत. म्हणून त्यांना घुमट असे नाव पडले.

घुमटाची परिक्रमा

बन्नीच्या गवताळ सपाटीच्या दक्षिण कडेने हबाय, झुरा, कीरा, जुमारा, जारा असे घुमट एका ओळीत उभे आहेत. त्यांच्या उत्तर पायथ्याने ‘कच्छ मुख्यभूमी प्रस्तरभंग’ जातो. घुमटावर दक्षिणेकडून चढू लागल्यास थर दक्षिणेकडेच हलके कललेले दिसतात आणि पुढे जावे तसतसे जुने थर उघडे होत जातात. झीज झाल्यामुळे घुमटाचा माथा कापला गेला आहे, आणि मध्यभागी सर्वांत जुना खडक पाहावयास मिळतो. झुरा घुमटाच्या गाभ्यात ‘सुवर्ण ऊलाइट’ नावाची चुनखडी आहे. तिचे बारीक गोल कण लोहाच्या संयुगांमुळे सोनेरी चमकतात. उथळ, खळाळत्या पाण्यात चुन्याचे लेप चढून असे कण बनतात. गाभा ओलांडून उत्तरेस उतरताना मघाचेच थर उलट क्रमाने पुन्हा भेटतात. फरक इतकाच की दक्षिणेकडे जे थर निवांत पसरले होते ते येथे अरुंद पट्ट्यांत उभे ठाकलेले असतात. प्रस्तरभंगालगत काही थर पूर्ण उभे, तर कोठे उलटलेलेही आहेत.

मघाचाच थर पुन्हा भेटला हे ओळखायचे कसे? येथे धोसा ऊलाइट कामी येतो. हिरवट-तपकिरी रंगाच्या या पट्ट्याची जाडी काही मीटरच आहे, मात्र मुख्यभूमीवर शंभर किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत तो ओळखता येतो. त्याच्या माथ्याशी गोट्यांचा एक पातळ थर असून त्यात ॲमोनाइटची गर्दी आहे. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर गाळ साठणे जवळजवळ थांबले होते, त्यामुळे दीर्घ काळाचे अवशेष थोड्या जाडीत एकवटले, असा त्याचा अर्थ लावला जातो. नकाशावर हा पट्टा रेखाटला की घुमटाभोवती कडे उमटते. ते कडे जेथे खंडित होते किंवा सरकलेले दिसते तेथे प्रस्तरभंग असल्याची शंका घ्यावी, असा क्षेत्रकार्यातला सरळ मार्ग आहे.

घुमट नेमके कशामुळे बनले याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. खालच्या कठीण पायाचे ठोकळे प्रस्तरभंगांवरून हलले आणि वरचे थर चादरीप्रमाणे त्यांवर वाकले, असे एक मत. काही घुमटांच्या पोटात शिरलेला अग्निजन्य खडक दिसतो. त्यामुळे खालून शिलारस फुगून थर उचलले गेले, असे दुसरे मत. दोन्ही कारणांनी एकमेकांना हातभार लावला असणेही शक्य आहे. वाकण्याचे वय ठरवायचे तर कोणता सर्वांत नवा थर वाकला आणि कोणता थर न वाकता त्यावर बसला, हे पाहावे लागते. तेथेही जीवाश्मच साक्षीदार ठरतात.

ॲमोनाइट का महत्त्वाचा

गंडकीच्या पात्रातून येणारा शाळिग्राम मराठी घरांत देव्हाऱ्यात असतो. त्यातील चक्राकार ठसा हा ॲमोनाइटचाच; हिमालयातील ज्युरासिक शेलमधून ते दगड नदीत येतात. कच्छचा ॲमोनाइट त्याच कुळातला, मात्र येथे तो काळ्या गोट्यात बंद नसून पुष्कळदा मोकळा पडलेला असतो. काही शंख नाण्याएवढे, काही ताटाएवढे.

या प्राण्याचे दोन गुण कालमापनासाठी सोयीचे ठरले. एक म्हणजे तो समुद्रात तरंगत दूरवर पसरे, त्यामुळे कच्छमधील जातींचे नातलग युरोपात, आफ्रिकेत, मादागास्करमध्ये सापडतात व थरांची तुलना करता येते. दुसरे असे की त्याच्या जाती लवकर लवकर बदलल्या. एखादी जात थोडाच काळ टिकून नाहीशी झाली असेल, तर ती ज्या थरात सापडते त्याचे वय तेवढ्याच अरुंद मर्यादेत बसते. शिंपल्यांच्या पुष्कळ जातींना ही कसोटी लागू पडत नाही. त्या दीर्घकाळ जवळपास तशाच राहतात. म्हणून थर ओळखताना ॲमोनाइटची साक्ष अधिक वजनदार मानतात.

तरीही जीवाश्म हाती आला म्हणून काम संपत नाही. तो थरातच रुतलेला आहे की उतारावरून घरंगळत आला, हे आधी पाहावे लागते. थराचा कल होकायंत्राला जोडलेल्या कोनमापकाने मोजतात. तो कोणत्या दिशेला पसरला आहे याची नोंद करतात. थर उभा असेल तर त्याची मूळची वरची बाजू कोणती, हाही प्रश्न असतो. लाटांनी वाळूवर उमटवलेल्या वळ्या, जुन्या प्राण्यांनी समुद्रतळात केलेली बिळे, तिरकस थरांची रचना यांवरून ते ठरते. प्रस्तरभंगाच्या पृष्ठावर दोन खडक एकमेकांवर घासल्याने गुळगुळीत चकाकी येते आणि त्यावर समांतर रेघोट्या उमटतात. हात फिरवला असता एका दिशेने ते पृष्ठ मऊ लागते, उलट दिशेने खरखरीत. जमीन कोणत्या बाजूला सरकली याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

बेळगाव परिसरातील वाचकाला यासंबंधी एक जवळचे उदाहरण देता येईल. गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून कोसळतो तो कलादगी खोऱ्यातला. त्या खोऱ्यात, विशेषतः बागलकोटच्या बाजूला, थरांच्या वळ्या आणि प्रस्तरभंग ठळक आहेत. मात्र तो गाळ इतका प्राचीन, की तेव्हा शिंपले वा शंख असलेले प्राणी पृथ्वीवर नव्हतेच. सूक्ष्मजीवांच्या चटयांनी रचलेले स्ट्रोमॅटोलाइटचे थर तेवढे लोकापूरच्या आसपासच्या डोलोमाइटमध्ये सापडतात, आणि त्यांवरून वय काटेकोर सांगता येत नाही. खडक वाकला हे डोळ्यांना दिसते, कधी वाकला हे सांगणे कठीण होऊन बसते. इंदूरकरांना परिचित असलेल्या धार जिल्ह्यातील बाघच्या चुनखडीत मात्र क्रिटेशस काळातील समुद्री जीवाश्म आहेत, त्यामुळे तेथे हा पेच पडत नाही.

नकाशे काढणारी माणसे

मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातील कॅप्टन सी. डब्ल्यू. ग्रँट यांनी कच्छचा भूवैज्ञानिक नकाशा व त्याचे विवेचन तयार केले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने ते १८४० मध्ये छापले. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. बी. वाइन यांचा ग्रंथ १८७२ मध्ये आला. मोराव्हियातून भारतात आलेले फर्डिनंड स्टोलिच्का यांनी जीवाश्मांच्या आधारे ज्युरासिक थरांचे पच्छम, चारी, कतरोल आणि उमिया असे चार गट पाडले. १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये त्यांचे निधन झाले; वय अवघे ३६. विल्हेल्म वागेन यांनी कच्छच्या ॲमोनाइटांवरील ग्रंथ १८७३ ते १८७५ या काळात पूर्ण केला, आणि लंडनचे एल. एफ. स्पॅथ यांनी १९२७ ते १९३३ दरम्यान त्या साऱ्यांची फेरतपासणी केली.

स्वातंत्र्यानंतरच्या कामात एस. के. बिस्वास यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तेलशोधाच्या निमित्ताने त्यांनी कच्छ पायाखाली घातला आणि १९७७ मध्ये झुरिओ, जुमारा, झुरन व भूज अशी शैलसमूहांची नवी मांडणी केली. आज मुख्यभूमीसाठी तीच रूढ आहे. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील भूविज्ञान विभागानेही कच्छच्या अभ्यासात दीर्घकाळ मोलाची भर घातली. विशेषतः प्रस्तरभंग अलीकडच्या काळात हलले आहेत काय, या प्रश्नाचा पाठपुरावा तेथील अभ्यासकांनी केला. कतरोल टेकड्यांच्या पायथ्याशी वाऱ्याने आणलेल्या चुनखडीयुक्त वाळूचे साठे आहेत. त्यांना मिलिओलाइट म्हणतात. भूवैज्ञानिक मोजणीत ते अगदी ताजे, आणि प्रस्तरभंगाने त्यांनाही कापलेले आढळले. याचा अर्थ ही भेग जुन्या काळातच थिजून गेलेली नाही.

जमिनीने दिलेले पुरावे

१६ जून १८१९ रोजी कच्छच्या मोठ्या रणात भूकंप झाला. सिंदरीचा किल्ला आणि भोवतालचा प्रदेश पाण्याखाली गेला, तर त्याच्या उत्तरेस सपाट रणात सुमारे ८० ते ९० किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला. माणसाने बांधलेला नव्हे म्हणून लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटले. सिंधूच्या एका जुन्या शाखेचा प्रवाह त्याने अडवला. १८२६ च्या पुरात नदीने तो फोडून वाट काढली. चार्ल्स लायल यांनी आपल्या ग्रंथात या घटनेचे सविस्तर वर्णन केले. जमीन एका झटक्यात उचलली जाते याचा इतका स्पष्ट पुरावा तोवर युरोपातील अभ्यासकांसमोर क्वचितच आला होता. १९५६ मध्ये अंजार हादरले.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी भचाऊच्या परिसरात झालेल्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने भूज, अंजार, भचाऊ, रापर ही गावे उद्ध्वस्त केली आणि सुमारे २० हजार माणसांचा बळी घेतला. अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. या वेळी अल्लाबंदसारखी खूण उमटली नाही. ज्या प्रस्तरभंगावर जमीन सरकली तो पृष्ठभागापर्यंत आलाच नव्हता. रेघोट्यांचे पृष्ठ नाही, चिरडलेला पट्टा नाही; वर दिसतात त्या केवळ वागडच्या टेकड्यांतील वाकलेल्या थरांच्या रांगा.

या भूकंपानंतर वळ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. खोल भेग वरपर्यंत पोचत नसेल तर तिच्यावरचा थर तुटत नाही, वाकतो. अशा प्रत्येक वळीखाली भेग असेलच असे नाही, आणि असली तरी ती सक्रिय असेलच असेही नाही. परंतु कोणती वळी किती उचलली गेली आणि ती कोणत्या काळापासून वाढत आहे, हे मोजल्याशिवाय लपलेल्या भेगेचा माग लागत नाही. त्या मोजणीला लागणाऱ्या खुणेच्या थरांची ओळख जीवाश्मांवर अवलंबून आहे. पाण्याच्या शोधातही याच नकाशांचा आधार असतो, कारण भूज वालुकाश्म हा कच्छच्या भूजलाचा प्रमुख साठा, आणि तो कोठे संपतो हे पुष्कळदा प्रस्तरभंगच ठरवतात.

सापडलेले आणि हरवणारे

कच्छच्या खडकांतून अजूनही नवे काही निघत असते. भूजच्या ईशान्येस लोडाई गावाजवळ ज्युरासिक शेलमध्ये इक्थिओसॉर या मत्स्याकार सरीसृपाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. लांबी सुमारे साडेपाच मीटर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध भारतातील ज्युरासिक काळातल्या इक्थिओसॉरचा पहिला. पश्चिम कच्छमधील पानंध्रो येथील लिग्नाइट खाणीत २००५ मध्ये सापडलेले २७ मणके बराच काळ मगरीचे समजले गेले. पुढे ते सापाचे असल्याचे लक्षात आले, आणि आयआयटी रुडकीच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये त्या सापाचे ‘वासुकी इंडिकस’ असे नामकरण केले. सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या या सापाची लांबी ११ ते १५ मीटर असावी, असा अंदाज आहे.

खाण नसती तर वासुकी उजेडात आला नसता, हे खरे. लिग्नाइट, बेंटोनाइट, चुनखडी यांसाठी होणाऱ्या खोदकामात थर उघडे पडतात. परंतु जो थर आज उघडा पडला तो उद्या ट्रकमध्ये भरला जातो, आणि तेथे अभ्यासक त्या दिवशी हजर असतोच असे नाही. दुसरे नुकसान अधिक निमूट आहे. ॲमोनाइट दिसायला देखणा, म्हणून येणारा-जाणारा तो उचलतो. कोणी संग्रहासाठी, कोणी विक्रीसाठी. थराची नोंद न करता उचललेला जीवाश्म कपाटात शोभतो, मोजपट्टी म्हणून मात्र तो बाद होतो, आणि उघड्या कड्यावर त्याची रिकामी खाच तेवढी उरते. धोसा ऊलाइटच्या माथ्यावरच्या थरात जीवाश्म सहज दिसतात, म्हणून हा धोका तेथे विशेष आहे.

भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. कच्छमध्ये प्रत्यक्ष संरक्षणाचे एक उदाहरण खडीर बेटावर पाहता येते. जागतिक वारशाच्या यादीत २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या धोळावीरा नगरीपासून सुमारे दहा किलोमीटरवर, रणाच्या काठाशी, दगड झालेले वृक्षांचे खोड कुंपण घालून राखले आहे. तेथून उत्तरेस नजर टाकली की पांढरे रण दिसते, आणि पायांखालचे ज्युरासिक थर दक्षिणेकडे हलके कललेले असतात. त्यांचा उत्तरेकडील तुटका कडा हीच खडीर बेटाच्या प्रस्तरभंगाची खूण.